कारखान्यांच्या गावातला लांबचा नंबर

भोसरीच्या एमआयडीसीत एक मिलिमीटर ही फार मोठी गोष्ट आहे. इथे लेथवर, मिलिंगवर, ग्राइंडरवर उभ्या असलेल्या माणसाचा दिवस मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जातो. मायक्रोमीटर जॉबवर लावायचा, रॅचेट हलक्या हाताने फिरवायचं, त्याची टिकटिक ऐकू आली की थांबायचं आणि रेघ रेघेला कुठे मिळाली ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. दोन-चार रेघा इकडेतिकडे झाल्या की जॉब रिजेक्ट. अख्खा मिलिमीटर चुकला तर थेट साहेबांसमोर उभं राहायची वेळ येते.

याच कामगाराच्या घरी, दिघीत, चिखलीत किंवा मोशीत, सातवी-आठवीतल्या मुलाच्या डोळ्यात नेमका हा एक मिलिमीटर वाढलेला असू शकतो आणि घरात कुणाच्या ते गावीही नसतं.

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे मोजला तर साधारण २४ मिलिमीटर भरतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा १७ च्या आसपास असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो झपाट्याने वाढतो, मग सावकाश, आणि ही वाढ आंधळी नसते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रतिमा कुठे पडते आहे याचा अंदाज घेत डोळा आपली लांबी ठरवत जातो. हा हिशेब बिघडला आणि वाढ थांबायच्या वेळी थांबली नाही की डोळा मागच्या बाजूला लांबत जातो. लांबून आलेला प्रकाश मग पडद्यावर एकत्र येण्याऐवजी पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो आणि पडद्यावर उरते ती पुसट प्रतिमा. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे ढोबळमानाने मायनस अडीच नंबर. असं मूल चष्म्याशिवाय चाळीस सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ पाहतं, त्यापलीकडचं जग त्याच्यासाठी धूसर होत जातं. वही दिसते, मोबाइल दिसतो, ताटातली आमटी दिसते. फळा दिसत नाही.

शाळेच्या पुस्तकात याला निकटदृष्टिता म्हणतात, घरोघरी लांबचा नंबर. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चष्मा प्रतिमा पडद्यावर आणून ठेवतो, पण डोळ्याची वाढ थांबवणं साध्या चष्म्याचं काम नव्हे. त्यामुळे ‘चष्मा लागला, प्रश्न मिटला’ असं समजून गप्प बसण्यात अर्थ नाही. नंबर लागण्याआधी काय करता येतं आणि लागल्यावर तो वाढण्याचा वेग कसा कमी करता येतो, हे पिंपरी-चिंचवड-चाकणच्या या पट्ट्यातल्या प्रत्येक आई-बापाला माहीत असायला हवं.

पिंपरी-चिंचवडमध्ये ही गोष्ट घराघरात उशिरा का कळते, याला इथला इतिहास कारण आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठच्या दशकात एमआयडीसी आली, मग मोटारी आणि स्कूटरींचे मोठे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग माणसं आली. लातूर, बीड, धाराशिवची, माण-खटावची, जळगाव-बुलढाण्याची. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. रानात, उन्हात वाढलेली ती पहिली पिढी. त्यांना लांबचं उत्तम दिसतं. चाळिशी आली की पेपर वाचायला चष्मा लागतो, पण तो वयाचा. म्हणून पोरगा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसला की बाप ओरडतो, ‘‘मागं सरक, डोळे जातील!’’ पोरगा मागे सरकतो आणि त्याला टीव्ही दिसेनासा होतो. जवळ बसल्यामुळे डोळे बिघडले असं बापाला वाटतं. पुष्कळदा डोळे आधीच बिघडलेले असतात, म्हणून पोरगा जवळ बसलेला असतो.

‘‘आमच्या घराण्यात कुणाला चष्मा नाही,’’ हे वाक्य इथल्या नेत्रतपासणी शिबिरांत हमखास कानावर पडतं. ते खरंही असतं. पण घराण्यात नसलेली गोष्ट एका पिढीत येऊ शकते, याचा पुरावा फार लांबचा आणि फार जुना आहे. अलास्काच्या उत्तर टोकाला बॅरो नावाच्या वस्तीत १९६९ साली डोळ्यांची एक पाहणी झाली. आडबाजूच्या वस्त्यांत वाढलेल्या १३१ प्रौढांपैकी लांबचा नंबर अवघ्या दोघांना होता. त्यांच्या मुला-नातवंडांत मात्र निम्म्याहून अधिक जणांना. रक्त तेच, बर्फ तेच; मधल्या काळात शाळा आली होती. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८६७ मध्ये, हर्मान कोन या जर्मन डॉक्टरने ब्रेस्लाऊ शहरात आणि आसपास १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले होते. खेड्यातल्या शाळांत लांबचा नंबर शंभरात जेमतेम एक-दोघांना, शहरातल्या वरच्या विद्यालयांत पंचवीसेक जणांना. इयत्ता चढत गेली तसा नंबरही चढत गेला. आनुवंशिकतेचा वाटा आहेच. आई-वडील दोघांना नंबर असेल तर मुलाला लागण्याची शक्यता बरीच वाढते. पण जनुकं एका पिढीत बदलत नाहीत. बदलतो तो मुलांचा दिवस.

आपल्याकडचे आकडेही तेच सांगतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या पाहणीत एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयाच्या डॉक्टरांनी शहरातल्या आणि ग्रामीण भागातल्या शाळांमधली बारा हजारांहून अधिक मुलं तपासली होती. शहरी मुलांत लांबचा नंबर शंभरात तिघांना, ग्रामीण मुलांत दीड जणाला, म्हणजे शहरात दुप्पट. आज हे आकडे फारच सौम्य वाटतात. दिल्लीतल्या शाळांचा एम्सच्या डॉक्टरांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात प्रमाण १३ टक्के होतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेतल्या संशोधकांनी देशभरातल्या जुन्या पाहण्या एकत्र करून मांडलं, की ५ ते १५ वयोगटातल्या शहरी मुलांत १९९९ मध्ये साडेचार टक्क्यांच्या आत असलेलं प्रमाण २०१९ पर्यंत २१ टक्क्यांवर गेलं आहे आणि हीच चाल राहिली तर २०५० मध्ये ते ४८ टक्क्यांवर पोचेल. म्हणजे वर्गातलं जवळजवळ प्रत्येक दुसरं मूल.

पण पुणे जिल्ह्यातला सर्वात बोलका अभ्यास चष्मा लागण्याबद्दलचा नाही, तो लागलेला चष्मा न वापरण्याबद्दलचा आहे. डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळांत एक साधी गोष्ट पाहिली. तपासणी होऊन चष्मे दिलेली मुलं काही महिन्यांनी ते लावतात का? २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाहिलेल्या १,०१८ मुलांपैकी डोळ्यांवर चष्मा होता फक्त ३०० जणांच्या. बाकीच्यांचा घरी राहिला होता, हरवला होता, काच फुटली होती, दांडी मोडली होती, किंवा वर्गात चिडवतात म्हणून दप्तरात गेला होता. ज्यांचा नंबर मोठा, ती मुलं जास्त लावत होती. मुली मुलांपेक्षा जास्त लावत होत्या. वडील शिकलेले असतील तिथे प्रमाण जास्त होतं. फुकट चष्मा हातात देऊन काम संपत नाही, हे या अभ्यासाने दाखवलं. मोडलेली दांडी दुरुस्त कोण करणार आणि ‘चष्मिस’ म्हणणाऱ्या पोरांना कोण समजावणार, इथे सगळं अडतं.

मुलींबद्दल एक वेगळी काळजीही घरात असते. चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल, म्हणून तो टाळायचा किंवा कमी नंबरचा घ्यायचा. कमी नंबरचा चष्मा दिला की डोळा ‘आळशी’ होत नाही, नंबर वाढत नाही, अशीही समजूत आहे. मलेशियात हे प्रत्यक्ष तपासलं गेलं. २००२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबर दिलेल्यांपेक्षा उलट जास्त वाढला. तेव्हा जेवढा नंबर निघेल तेवढाच चष्मा घ्यावा आणि तो दिवसभर लावावा. गाजर, पालक, दूध मुलांना जरूर द्यावं. जीवनसत्त्व अ कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, तो आजार खरा आहे. पण गाजराने लांबलेला डोळा आखूड होत नाही, आणि डोळ्यांच्या व्यायामानेही नाही.

मग नंबर लागू नये म्हणून करायचं काय? याचं आजवर हाती आलेलं सर्वात भक्कम उत्तर आहे उजेड. बाहेरचा, दिवसाचा.

२००८ मध्ये सिडनी आणि सिंगापूर या दोन शहरांतल्या सहा-सात वर्षांच्या, चिनी वंशाच्याच मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. सिंगापूरच्या मुलांत लांबचा नंबर २९ टक्के, सिडनीच्या मुलांत ३ टक्के. सिडनीची मुलं पुस्तकं कमी वाचत असतील असं कुणालाही वाटेल, पण ती उलट जास्त वाचत होती. फरक पडत होता तो घराबाहेर घालवलेल्या वेळात. सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास बाहेर होती, सिंगापूरची तीन तास. पुढे चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यात नंबर लागण्याचं प्रमाण ३० टक्के निघालं, इतर शाळांत ३९ टक्के. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवण्याची मोहीम देशभर चालवली आणि वर्षानुवर्षं चढत गेलेला आलेख तिथे पहिल्यांदा खाली वळला.

बाहेर नेमकं काय घडतं? डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य स्रवतं. उजेड तीव्र असेल तसं ते जास्त स्रवतं आणि डोळ्याच्या लांब होत जाण्याला आवर घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे. वर्गात ट्यूबलाइट लावून तीनशे-पाचशे लक्स उजेड मिळतो. चाकणच्या उघड्या माळावर मे महिन्याच्या दुपारी एक लाखाच्या आसपास असतो. एवढं तापत्या उन्हात उभं राहायची गरज नाही. झाडाच्या सावलीत, सकाळी दहाला किंवा पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारीसुद्धा बाहेरचा उजेड वर्गातल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो. मूल धावतंय, लगोरी खेळतंय की नुसतं पारावर बसलंय, याने विशेष फरक पडत नाही. इनडोअर बॅडमिंटनच्या कोर्टवर घाम गाळला तरी डोळ्याच्या हिशेबात तो वेळ खोलीतलाच.

आणि इथेच पिंपरी-चिंचवडचं वेळापत्रक आडवं येतं. भोसरी-पिंपरीच्या लघुउद्योगांत आठवड्याची सुट्टी गुरुवारी. मुलाची सुट्टी रविवारी. फर्स्ट शिफ्ट असली की बाप मूल उठायच्या आत बाहेर पडतो, सेकंड शिफ्ट असली की मध्यरात्री परततो. गुरुवारी तो घरी असतो तेव्हा मूल शाळेत. रविवारी मूल घरी असतं तेव्हा तो मशीनवर. मुलाला मैदानावर नेणार कोण? आई नोकरी करत नसेल तर ती. करत असेल तर कुणीच नाही. मग मुलाने घरातच राहावं, दार लावून घ्यावं, बाहेर जाऊ नये, रस्त्यावर गाड्या आहेत, ही सूचना आणि हातात मोबाइल. ही सूचना प्रेमापोटीच असते. अरुंद गल्ल्यांतून टेम्पो कसे जातात ते पाहिलेल्या आईला कुणी दोष देऊ नये.

जुन्या कारखान्यांच्या वसाहतींमध्ये हे असं नव्हतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या एच.ए. कॉलनीतल्या मुलांना झाडं होती, शाळा जवळ होती आणि ते प्रचंड मैदान होतं, जिथे २०१६ मध्ये ८९ वं साहित्य संमेलन भरलं. निगडी प्राधिकरणाची आखणी करतानाही सेक्टरगणिक मोकळी जागा ठेवली गेली, आणि दुर्गा टेकडीवर आजही सकाळी माणसांची रीघ असते. पण शहर वाढलं ते वाकड, रावेत, पुनावळ्याच्या मनोऱ्यांमध्ये आणि चिखली-मोशीच्या दाटीत. मनोऱ्याखाली जागा असते, ती पार्किंगला जाते. बागा आहेत, पण जिथे दुपारी कुलूप असतं तिथे सकाळच्या सत्रातून साडेबाराला सुटलेल्या मुलाला त्यांचा उपयोग नाही. तो जेवतो, झोपतो, क्लासला जातो आणि घरी येतो तेव्हा दिवे लागलेले असतात.

चाकणची गोष्ट आणखी वेगळी. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी चाकण म्हटलं की कांदा-बटाट्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग. आज म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी ही गावं परदेशी गाड्यांच्या पत्त्यांवर आहेत. शेतांच्या जागी पत्र्याच्या आणि सिमेंटच्या खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या, त्यांत परगावहून आलेल्या कंत्राटी कामगारांची कुटुंबं राहतात. मोकळी जमीन दिसते, पण तिच्यावर कंटेनर उभे असतात. ज्या गावातली मुलं तीस वर्षांपूर्वी दिवसभर रानात असत, त्याच गावात आज दहा बाय दहाच्या खोलीत मूल मोबाइलच्या पडद्याला डोळे लावून बसलं आहे. पुण्याच्या त्या पाहणीत ग्रामीण मुलांना शहरी मुलांच्या निम्म्याने नंबर होता. चाकणच्या मुलांना आता कोणत्या रकान्यात धरायचं?

हा मोबाइलच्या पडद्याचा काळ किती महागात पडू शकतो ते कोरोनाने दाखवलं. चीनमधल्या फेइचंग शहरात दरवर्षी शाळकरी मुलांचे डोळे तपासले जात. सहा वर्षांच्या मुलांत लांबचा नंबर कधी ६ टक्क्यांवर गेला नव्हता. २०२० मध्ये काही महिने घरात कोंडून राहिल्यावर तो एकदम साडेएकवीस टक्क्यांवर गेला. आपल्याकडे शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, धाकट्यांचे त्याहून उशिरा. तेव्हा पहिली-दुसरीत असलेली मुलं आज वरच्या वर्गांत आहेत. नंबर वाढत राहण्याचं वयही हेच.

घरी एक छोटी चाचणी करता येते. भिंतीवर कालनिर्णय असतंच. मुलाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करावं, एक डोळा तळहाताने झाकायला सांगावा आणि तारखा वाचायला लावाव्यात. मग दुसरा डोळा. एकाच डोळ्याला नंबर असलेलं मूल दोन्ही डोळ्यांनी सगळं वाचतं, म्हणून वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. डोळे बारीक करून बघणं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणं, क्रिकेट खेळताना कॅच सोडणं, एकाएकी गणितात मागे पडणं, या सगळ्या खुणा. पण चाचणी घरची असली तरी तपासणी डॉक्टरकडची हवी, आणि लहान मुलांची तपासणी डोळ्यांत थेंब घालून व्हायला हवी. मुलांच्या डोळ्यातलं भिंग फार लवचीक असतं, मशीनमध्ये बघताना ते आपोआप आवळतं आणि नसलेला किंवा असेल त्याहून मोठा मायनस नंबर दाखवतं. थेंबांनी ते सैल पडतं, मग खरा नंबर कळतो. रात्री आठला दुकानात जाऊन ‘कॉम्प्युटरवर’ काढलेला नंबर घेऊन चष्मा करणं, हे घाईत असलेल्या कामगाराला सोयीचं आहे, मुलाला मात्र नाही. सोयही आहे: संत तुकारामनगरला महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे, विमा असलेल्यांसाठी चिंचवडच्या मोहननगरला कामगार विमा रुग्णालय आहे. शाळेत वर्षातून एकदा येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही नजर तपासतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला होता. इथे एक गोष्ट गुरुवारच्या सुट्टीच्या बाजूने आहे. दवाखाने गुरुवारी उघडे असतात. मुलाची अर्ध्या दिवसाची शाळा बुडाली तर बुडू द्यावी.

नंबर लागलाच तर तो वाढण्याचा वेग कमी करण्याचे उपाय आता आहेत. रात्री झोपताना अगदी सौम्य अ‍ॅट्रोपिनचा एक थेंब, हा त्यातला सर्वाधिक अभ्यासलेला. सिंगापूरमध्ये यावर दीर्घकाळ काम झालं. हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्के या तीन मात्रांपैकी ०.०५ सर्वात प्रभावी ठरली. थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावेत आणि मनाने एकदम बंद करू नयेत. बंद केल्यावर नंबर पुन्हा वेगाने वाढू शकतो. दुसरा उपाय खास काचांचा. मधला भाग साधा आणि भोवती शेकडो सूक्ष्म भिंगं असलेल्या या काचा डोळ्याला ‘वाढू नको’ असा संकेत देतात. हाँगकाँगमध्ये दोन वर्षांच्या चाचणीत त्यांनी नंबर वाढण्याचा वेग निम्म्यावर आणला. किंमत मात्र हजारोंच्या घरात, चाकणच्या कंत्राटी कामगाराच्या महिनाभराच्या पगाराला भिडणारी, आणि मुलाचा नंबर बदलला की पुन्हा तेवढाच खर्च. इथे शासनाने आणि कंपन्यांनी काहीतरी करायला हवं. थेंब स्वस्त आहेत, उजेड फुकट आहे.

ही धडपड चार नंबरांसाठी कशाला, असं कुणी विचारेल. मायनस सहाच्या पुढे गेलेला डोळा ताणलेला असतो, त्याचा पडदा पातळ झालेला असतो. अशा डोळ्यात पडदा सुटण्याचा, त्याचा मध्यबिंदू खराब होण्याचा आणि काचबिंदूचा धोका वाढतो. एका नंबरने वाढ कमी ठेवता आली तरी मध्यबिंदूच्या आजाराची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असं २०१९ मधल्या एका विश्लेषणात दिसलं. दहाव्या वर्षी वाचवलेला एक नंबर साठाव्या वर्षी कामी येतो.

मोठ्या माणसांचं काय? बहुतेकांचा नंबर विशीच्या आसपास स्थिरावतो. त्यानंतर लेसरचा मार्ग खुला होतो, पण नंबर वर्ष-दोन वर्षं स्थिर असायला हवा आणि बुबुळावरचं पारपटल पुरेसं जाड असायला हवं. लेसरने चष्मा जातो, डोळ्याची लांबी तशीच राहते. मायनस आठचा चष्मा लेसरने घालवलेल्या माणसानेही पडद्याची तपासणी दरवर्षी करत राहावी. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागले, विजा चमकल्यासारख्या दिसल्या, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. आणि पस्तिशी-चाळिशीत नंबर एकाएकी बदलू लागला तर नवा चष्मा करण्याआधी साखर तपासावी. रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर हलतो. मधुमेह पहिल्यांदा कळला तो चष्म्याच्या दुकानात, असेही पुष्कळ असतात.

टूलरूममध्ये एक दृश्य वारंवार दिसतं. मायनस अडीचचा बेचाळीस वर्षांचा फिटर मायक्रोमीटर वाचायला चष्मा कपाळावर चढवतो. त्याचं बरोबर आहे. चष्म्याशिवाय त्याला हातभर अंतरावरचं लख्ख दिसतं आणि चाळिशीचा त्रास त्याला शेजाऱ्यापेक्षा कमी. पण शेजारच्या ग्राइंडरवरून ठिणग्या उडत असतात आणि त्याचे डोळे उघडे असतात. सेफ्टी गॉगल चष्म्यावर बसत नाही, घाम येतो, काच धुरकटते, म्हणून तो खिशात असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमाने उडणाऱ्या कणांपासून डोळ्यांना संरक्षण देणं ही मालकाची जबाबदारी ठरवली होती. नंबरचे सेफ्टी चष्मे, पॉलीकार्बोनेट काचेचे, बनवून मिळतात. मोठ्या कंपन्यांत ते अनेकदा दिले जातात. वीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये आणि कंत्राटी कामगाराला ते क्वचितच मिळतात. खर्च फार नाही. एका डोळ्याच्या मानाने तर काहीच नाही.

आणि रस्ता. तळेगाव-चाकण रस्त्यावर रात्री सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा हजारो दुचाक्या कंटेनरांच्या मधून वाट काढत असतात. गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी जो अर्ज भरायचा त्यात उमेदवार स्वतःच लिहून देतो, की चष्मा असेल तर तो लावून, दिवसाच्या चांगल्या उजेडात, २५ मीटरवरून गाडीची नंबरपाटी वाचता येते. कितीजण ती खूण करताना खरंच २५ मीटरवर जाऊन उभे राहिले असतील? मायनस दीडचा माणूस चष्म्याशिवाय हाताच्या टप्प्यापलीकडे धूसर पाहतो. रात्री बाहुली मोठी होते आणि धूसरपणा वाढतो. समोर बिनदिव्याचा उभा ट्रेलर असेल तर तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

या पट्ट्यातल्या कंपन्यांना मोजण्याची सवय आहे. वार्षिक वैद्यकीय तपासणीत कामगाराची नजर तपासली जातेच. त्याच दिवशी त्याच्या मुलांनाही बोलवावं. सीएसआरच्या पैशातून वॉटर कूलर आणि बाक देणाऱ्यांनी शाळेला चष्मे दुरुस्त करणारा माणूस महिन्यातून एकदा द्यावा. महापालिकेने बागांची दुपारची कुलपं काढावीत आणि खेळाच्या मैदानांवर लग्नाचे मांडव घालणं थांबवावं. शाळांनी पीटीचा तास गणिताला देऊ नये. आणि पालकांनो, पहिलीतल्या मुलाला शाळा सुटल्यावर घरात घेऊ नका, आधी तासभर बाहेर ठेवा. एका मुलाला नंबर निघाला असेल, तर त्याच्या धाकट्या भावंडांनाही त्याच आठवड्यात तपासून आणा.